पाहुण्यांच्या चहानंतरची इमर्जन्सी

रविवार, संध्याकाळ

मला बघायला पाहुणे आले आणि अण्णांच्या छातीत कळ आली. हा माणूस छातीवर हात ठेवून हसत बसला! पोहे, चहा, निरोप, सगळं आटोपल्यावर नारायणगावचा दवाखाना.

तिथल्या विम्याच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "दुखल्यावर लगेच आलात?"

अण्णा म्हणाले, "पावण्यांना तसंच टाकून कसं येणार राव?"

झालं! "मग ही इमर्जन्सी नाही, नुसतं अर्जंट. पॉलिसीत बसत नाही." हसत बसलेल्या माणसाला दुखत नसतं का?

नशीब, पित्तच निघालं.

आत्ता पाहुण्यांचा होकार आला. अण्णा परत हसताहेत, फक्त छातीवर हात नाही. आणि मला तो मुलगा पसंत नाही. सांगणार आहे, पण अण्णांना दवाखान्याच्या दारात उभं करून. मग बघते, कोण म्हणतं उशिरा आलात!