काळ्या कांडीवरचा उंचवटा

४ मार्च, फुम्बोत गाव
जमलं! टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी कांडी — लोक उकिरड्यावर फेकतात ती — घासून, उकळून, तारेने यंत्राला जोडून टोमॅटोच्या रसात बुडवली. आलेखावर उंचवटा आला. फवारणीचं औषध! आणि भरपूर. टोमॅटो राबियातूच्या शेतातले. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही.

५ मार्च
बाजारात तिला सांगितलं. हळू बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “फुलं धरल्यापासून फवारणीच्या पंपाला हात लावला नाही गं मी.” मी म्हटलं, “यंत्र खोटं बोलत नाही.” शेजारच्या बायांनी ऐकलं. एक जण हसली, “घ्या, आता राबियातूचे टोमॅटो औषधाच्या दुकानात ठेवा!”

९ मार्च
तिच्याकडून कुणी घेत नाही. पेट्या सडल्या, बकऱ्यांपुढे ओतल्या. आई मक्याच्या पिठाचा कुसकुस घोटता घोटता म्हणाली, “एवढी शिकलीस, पण तिला घरी बोलावून सांगणं सुचलं नाही तुला?”
 

१२ मार्च
प्रयोगशाळेतल्या चुमी सरांना आलेख दाखवला. खूश होतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “झाडावरून तोडून, न धुता तपासलेस?”
नाही.
राबियातूच्या शेतावर गेले. तिने माझ्याकडे पाठ केली, पण म्हणाली, “तोड हवे तेवढे. आता कोण घेतंय?”

१३ मार्च
उंचवटा नाही. नव्या कांडीवरही नाही. पुन्हा, पुन्हा — सपाट रेघ! टोमॅटो स्वच्छ आहेत. होतेच.
बाजारभर सांगत फिरले. बाया म्हणाल्या, “परवा विष, आज अमृत. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा, मॅडम?” राबियातूने पेटी आवरली आणि निघून गेली.
मग औषध आलं कुठून? पहिले टोमॅटो मी घरी नेले होते. अंगणात चिखल धुऊन काढला होता.

१४ मार्च
आमच्या विहिरीचं पाणी तपासलं. उंचवटा — पहिल्यापेक्षा मोठा. वरच्या मळ्यातले लोक पंप तिथेच विसळतात. आई जन्मभर हेच पाणी पितेय. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

१५ मार्च
दारात राबियातू, डोक्यावर पाण्याचा डबा. “माझ्या झऱ्याचं आहे. तुझ्या आईसाठी.” मी हात पुढे केला. तिने डबा खाली ठेवला, आईला सलाम केला आणि गेली.