परकोटातली हवाना

अकोला, ९ नोव्हेंबर

पहाटेपासून कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या आहेत. अंगणभर कापसाचे पुंजके. सूनबाई झाडून झाडून थकली.

दुपारी माझ्या बालमैत्रिणीचा, राहीचा दामू येऊन गेला. गाडी रांगेत लावून तसाच इकडे आला. पाणी उभ्यानेच प्यायला. "मावशी, आईले तुमीच समजवा. दुसऱ्या डोयात बी मोतीबिंदू उतरला. डाक्टर म्हनते काढून देतो, अन् थे आयकतच नाई. तुमचं आयकन."

ऐकेल की नाही, देव जाणे. पहिला डोळा एका फिरत्या वैदूने घालवला. सुई घालून मोतीबिंदू खाली पाडतो म्हणाला. चार दिवस तिला सगळे लख्ख दिसले, पाचव्या दिवसापासून त्या डोळ्यात अंधार. आता उरलेल्या एकाला हात लावू द्यायचा म्हणजे

पुढे लिहवत नाही. शनिवारी अमरावतीस जाते म्हणून सांगितले.

११ नोव्हेंबर

ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, ते यंत्र. लाकडी मूठ, दोन भिंगे, पुढे चित्र खोचायची आडवी पट्टी. एकाच जागेची दोन चित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात. दोन्ही डोळे लावून पाहिले की दोहोंचे एक होते आणि उभे राहते. भिंतीमागे भिंत, खांबामागे खांब, हात घालावा असे.

आमच्या कॉन्व्हेंटात हे सिस्टर लुईसाचे. तिचे लहानपण हवानात गेलेले, वडील बंदरावर व्यापारी. भूगोलाचा तास संपला की विचारायची, "आज फिरायला कुठे जायचे?" आणि आम्ही अमरावतीच्या उन्हात बसून हवानाच्या बंदरात शिरायचो. तोंडाशीच खडकावर किल्ला, त्याचा दीपस्तंभ. मग ते देऊळ, म्हणजे त्यांचे मोठे चर्च, दोन मनोरे, एक जाड, एक बारीक. राही म्हणायची, धाकट्याले खायला कमी घातलं. रात्री नऊला तोफ उडायची, की शहराचे दरवाजे बंद. आणि एका बुरुजाच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारी पितळेची एक बाई. वारा येईल तशी फिरणारी. नवरा समुद्रावर गेला, तेव्हापासून ती वाट पाहते आहे, असे तिथे सांगतात म्हणे.

राही आमच्यात कशी आली तेही आठवले. तिचा बाप सिस्टरांना भाजी आणि फुले पुरवायचा. ती टोपली घेऊन यायची. एक दिवस टोपली दाराशी ठेवून आत येऊन बसली ती कायमचीच. सि. लुईसाने फक्त थोडे सरकून घ्यायला सांगितले.

पहिल्या दिवशी यंत्र हाती आले तेव्हा दोघींना धीर निघेना. गालाला गाल लावून एका भिंगात माझा डोळा, एकात तिचा. "काही उभं वगैरे राहत नाही," मी कुरकुरले. "मले बी सपाटच दिसून रायलं," ती म्हणाली. सि. लुईसा हसून हसून खुर्चीत बसली.

१२ नोव्हेंबर

आज दिवसभर एकच आठवत राहिले आणि भाजी चिरता चिरता हसू येत राहिले. सूनबाईने विचारले, काय झाले? तिला काय सांगणार.

शाळेतून घरी आले की माझ्या तोंडी तेच. हवाना, हवाना. आमची आई मूळची पुण्याकडची. ती चुलीपुढून ओरडायची, "हवा ना, हवा ना काय? काय हवाय ते नीट सांग, लाडू की शेव?" मी गप्प राहून लाडू घ्यायची.

तिकडे राहीच्या घरी तेच चालू. तिची आई वाफ्यात शेवंती खुडत असायची. "कायची हवा वं? पान हालून नाई रायलं अन् म्हने हवा ना!"

दोन आयांनी एका शहराचे दोन अर्थ लावले. सि. लुईसाला सांगितले तेव्हा ती गंभीर होऊन म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत. त्या बुरुजावरच्या बाईला वारा लागतो, आणि नवरा हवा असतो."

ती परत गेली तेव्हा यंत्र मला दिले, चित्रे राहीला. आम्ही दोघी रुसलो. ती म्हणाली, "आता तुम्हाला भेटावेच लागेल."

कुठले भेटतोय. माझे लग्न अकोल्याला, तिचे तिथेच, मळ्यातून मळ्यात. लग्नकार्यात, यात्रेत, बडनेऱ्याच्या फलाटावर एकदा. यंत्र आणि चित्रे इतक्या वर्षांत एका खोलीत आलीच नाहीत.

अमरावती, १५ नोव्हेंबर

बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचले. दामू टांगा घेऊन आला होता. मळा अजून तसाच, संत्र्यांना रंग धरतोय. राही ओसरीवर बसून झेंडूचे हार करत होती. बोटे बघत होती, डोळे नव्हे.

"कोन? शांती? पावलं तुह्यीच. मास्तरनीवानी चालतं."

जवळ बसले. तिने माझा चेहरा हातांनी पाहिला. झेंडूचा वास. "लठ्ठ झाली वं तू." मी म्हटले, "तूच वाळलीस."

डॉक्टरचा विषय काढला. हार ओवणे थांबले नाही. "शांते, अजून मले उजेड दिसते. दामू उभा रायला तं सावली दिसते. संत्र झाडावर पिवयं हाय का हिरवं, थे समजते. एवढं बी गेलं तं? थो वैदू बी हसतच आला होता."

पुस्तकी उत्तरे सगळी होती माझ्यापाशी. मी झेंडूची फुले एकेक करून तिच्या हाताशी सरकवत राहिले.

१६ नोव्हेंबर

राहीची सून सुभद्रा हिने उतरंडीमागून पत्र्याचा डबा काढला. चित्रे. कसरीने आणि पोट्ट्यांनी मिळून सगळी खाल्ली, एकच उरले. बुरुज, आणि टोकावर ती बाई.

यंत्रात लावले. पाहिले, आणि ती उभी राहिली. तशीच. मागे आकाश, खाली भिंत, मधे ती, सगळे वेगवेगळे.

"आन इकडं," राही म्हणाली. डोळा लावला. बराच वेळ फिरवून पाहिले. "धुकं हाय. बाई हाय का तिथं?"

"आहे."

"अजून पाहूनच रायली?"

"हो."

यंत्र खाली ठेवून म्हणाली, "एक डोया बरा झाला तरी थे उभी नाई रायची. दोन पाह्यजेत." मग एकदम, "शांते, मी जातो इस्पितळात. पन आंधी मले हवाना दाखव."

"अगं, कुठून दाखवू?"

"तशीच. शाळंत दाखवत होतो तशी. परकोटातून."

विसरलेच होते मी. सुट्टीच्या दिवशी आम्ही गावाच्या जुन्या परकोटाला फेरी मारायचो, आणि तो परकोट हवानाचा करायचो. सि. लुईसाच म्हणाली होती, आमच्या शहराची भिंत पाडून टाकली, तुमची उभी आहे.

सुभद्रा ऐकत होती. "आत्या, आपलंच गाव पाहाले परदेशाचं नाव कायले देता? डोक्यात उन्ह गेलं काय दोघींच्या?" पण टांगा तिनेच सांगितला.

१७ नोव्हेंबर

सकाळी कोवळ्या उन्हात निघालो. टांगेवाला रहीमचाचा, पांढरी दाढी, तोंडात पान. राहीने सांगितले, "चाचा, हळू चालवा. आमी परदेशात चाललो." "जरूर, बाई. पासपोट दामूभाऊकडून घेतो."

परकोटाच्या नागपुरी गेटाशी थांबलो. मी सुरू केले, "हे बंदराचे तोंड. डावीकडे खडकावर किल्ला."

"दिवा लागलेला हाय?"

"आहे. जहाजे आत येताहेत."

रहीमचाचा मागे वळला. "जहाज कुठी हाय बाई? हे तं कडब्याची गाडी हाय."

"साखर भरलेलं हाय त्याच्यात," राही म्हणाली. "चालवा तुमी."

ती टांग्याबाहेर हात काढून परकोटाच्या दगडांना लावायला बघायची. एका ठिकाणी उतरवलेच. दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून उभी राहिली. दगड तापायला लागले होते. "इथं पिंपय होता. बारकासा." तो पिंपळ आता मोठा झाला आहे, भिंत फोडून बाहेर आला आहे. मी सांगितले. ती हसली. "मले बी फुटायला पाह्यजे होतं असं."

अंबादेवीला कळस दाखवला, म्हणजे सांगितला. धाकट्याले खायला कमी घातलं, हे तिनेच आठवून म्हटले, आणि इथे धाकटे मोठे काही नसताना दोघी हसलो. ओटी भरली. तिने काय मागितले ते विचारले नाही.

मग वडाळीच्या तलावावर, तो आमचा समुद्र. काठावर बसलो. पाण्याला लाट नाही, झाडाला पान हलत नाही.

राही म्हणाली, "आता सांग. बाई."

मी बुरुज सांगितला. त्यावरची बाई सांगितली, हातात ताडाची फांदी, कमरेशी दुमडलेले नेसण. पण मधेच अडकले. तिचा नवरा कधी परतलाच नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचले होते, ते सांगू की न सांगू. समजा उद्या राहीच्याच डोळ्याचे काही...

तिनेच विचारले. "शांते, तिचा नवरा परत आला काय गं? सिस्टरनं कधी सांगतलंच नाई."

"नाही आला."

"मंग कायले पाहते?"

रहीमचाचा मागे घोड्याला गवत घालत होता. तो म्हणाला, "पाहाची सवय पडते, बाई."

राही उठली. "चाल. इस्पितळात कवा जाचं थे दामूले पुस."

२० नोव्हेंबर

झाले. मला बाहेर थांबवले होते. डॉक्टर घाम पुसत आले, "काढला. आता ती आणि देव." दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. उताणे पडून राहायचे, डोके हलवायचे नाही, खोकायचे नाही. "आणि हसायचे तर अजिबात नाही," माझ्याकडे बघून म्हणाले. सुभद्राने सांगितले असावे.

२१ नोव्हेंबर

उशापाशी बसते. राहीला सगळ्यात जड जाते आहे ते हसू नये हे. मी काहीही बोलले तरी तिचे ओठ हलू लागतात. मग मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले याचेही तिला हसू येते. नर्सने आज मला बाहेर काढले.

२३ नोव्हेंबर

मुलाचा निरोप, कधी येता. कळवले, ठरले नाही.

राहीने विचारले, "पट्टीच्या आत लाल दिसते कधी कधी. चांगलं का वाईट?" डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, पाहू. हे उत्तर तिला सांगितले नाही. चांगले म्हणून सांगितले.

रात्री झोप नाही. नुसते ते तळवे आठवतात, भिंतीवर ठेवलेले.

२६ नोव्हेंबर

पट्टी उद्या सकाळी उघडणार. दामू मळ्यातून शेवंती घेऊन आला, इस्पितळभर वास. राहीला कोण कुठे उभे आहे ते वासानेच कळते आता, म्हणाली, "दामूजवळ फुलं, सुभद्राजवळ कांदा, अन् शांतीजवळ जुनी पेटी."

यंत्र त्या एका चित्रासकट पिशवीत घालून आणले होते. ओळखले.

"उद्या पट्टी काढल्यावर आंधी मले त्याच्यातून पाहू दे. एका डोयाचं तं एका डोयाचं. दुसरा तू लाव, पहिल्या दिवसावानी."

"त्याने ती उभी राहत नाही गं. आठवतं ना?"

"आठोते. म्हून तं."

खिडकीतून वारा आला, पडदा हलला. मला काय झाले कोण जाणे, आईच्या आवाजात विचारले, "हवा ना?"

ओठ हलले. मी घाबरून तिचे डोके धरले, हसू नको, हसू नको. ती हसली नाही. जन्मभर "पाह्यजे" म्हणणारी राही पट्टीखालून अगदी हळू, माझ्या आईसारखे म्हणाली,

"हवा."

पिशवी तिच्या उशाशीच ठेवून आले आहे.