पेडलांना नमस्कार

४ नोव्हेंबर १९९५
आलो बाई एकदाचे सिल्वासाला! टोकरखाड्यातलं हे कंपनीचं घर आमच्या नाशिकच्या खोल्यांपुढे चांगलं ऐसपैस आहे. नंदकुमार कारखान्यात रुजूसुद्धा झाले. आणि गंमत म्हणजे, आधी इथे राहणाऱ्या बाईंचा विजेवरचा पियानो इथेच राहिलाय! आमची चिमुरडी जुई नुसती नाचतेय. पियानोखाली तीन पेडलं आहेत. उजवं दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळतो, डाव्यानं मऊ होतो. मधलं कशाला असतं देव जाणे. जुईचे पाय पोचतच नाहीत, स्टुलावरून लोंबतात.

६ नोव्हेंबर
वाद्याला पाय लावायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. म्हणून नियम केला: आधी वाकून पेडलांना हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मगच बसायचं. जुईही करते, अगदी मनापासून. नंदकुमार हसले. म्हटलं, खंडेनवमीला तुम्ही मशीनला हळदकुंकू वाहता, ते काय असतं मग?

११ नोव्हेंबर
दुपारी जुई वाजवत होती आणि सूर रेंगाळत होता. जाऊन बघते तर तिचे पाय अधांतरी. मग पेडल दाबलं कोणी? तानूबाई तिथेच केर काढत होती. ही आमची कामवाली, किलवणीची, आधीच्या बाईंकडेही हीच होती. पियानोखाली झाडू घालतच नाही, वळसा घालून जाते. विचारलं की 'काय नाय बेन' म्हणते. हिचंच काहीतरी काळंबेरं आहे.

१४ नोव्हेंबर
तानूबाईला काढलं. जाताना रडत म्हणाली, कुसुम मिस इथे मुलांना पियानो शिकवायच्या. पुढे मुलं यायची बंद झाली, तरी रोज स्टुलावर बसून वाट बघायच्या. तिथेच गेल्या. थापा नुसत्या! मला घाबरवायचं, दुसरं काय.

१६ नोव्हेंबर
पेडलांची वायर उपटून कपाटात ठेवली. तरी सूर रेंगाळतो. उजवं पेडल आपोआप खाली जातं, डोळ्यांनी बघितलं मी. नंदकुमार म्हणतात, स्प्रिंग सैल झाली असेल. स्प्रिंग म्हणे! हे माझ्यापासून काही लपवत तर नाहीत?

१७ नोव्हेंबर
जुईची बोटं भराभर चालतात. कोणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, मिसनी. तू रोज मला त्यांच्या पाया पडायला लावलंस ना, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं.
पाया — अगं बाई! माझ्याच हातांनी मी पोरगी —

१८ नोव्हेंबर
नाशिकला निघायचंय. बॅग भरली. जुई स्टुलावरून उठत नाही. ओढली. हलत नाही.
वाकले. म्हटलं, पाया पडते, माझी पोर द्या. हाताला पेडल नाही लागलं. उबदार — बोटं होती पायाची —
इथेच खाली बसून लिहितेय. तिला सोडून जाणार नाही. नंदकुमार येईपर्यंत —
डोक्यावर हात ठेवलाय कोणीतरी. आशीर्वाद देतात तसा.
जुई म्हणते, मिस सांगतायत, मधलं पेडल आईचं.
माझा पाय —