आलोच, एवढा नट लावून

२ मार्च, सकाळी ७
ही काल लेकीकडे गेली. आठ-दहा दिवसांसाठी. सोबत एक पिशवी, प्रेशरच्या गोळ्या आणि शिलाई मशीन. आठ दिवसांसाठी मशीन कशाला, असं विचारलं नाही. हिला रिकामं बसवत नाही, एवढं इतक्या वर्षांत मला कळलं आहे.

परवाचं काही मनात ठेवलेलं दिसत नाही. परवा हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. लेक म्हणत होती, टॅक्सी करते. मी म्हणालो, दारात सुपरचार्जरची गाडी उभी असताना टॅक्सी? पुलाच्या अलीकडे बॉनेटमधून धूर. तेल गळून तापल्या एक्झॉस्टवर पडलं, बाकी काही नाही. ही रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर दोन तास बसली. डोळ्यांत औषध घातलेलं, मांडीवर फाईल. हॉस्पिटलातला नंबर गेला. पण हिने एक शब्द काढला नाही. म्हणजे राग नाही. राग असता तर बोलली असती.

संकल्प: नवीन तारखेच्या आत गळती बंद. हिला मीच नेणार, मीच आणणार.

२ मार्च, दुपारी
अवघड काही नाही. पाणीखात्यात एकतीस वर्षं गळत्या शोधल्या. लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं. चार हात खालचा पाइप कुठे फुटलाय ते सांगायचो. तेल म्हणजे काय, घट्ट पाणी. सुपरचार्जर म्हणजे काय, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. पंप मी पुष्कळ पाहिले. पुस्तक आणलं आहे. चार दिवस धरू.

४ मार्च
कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारून आलो. खिशात कायम दहा-बाराचा पाना, म्हणून सगळे त्याला दहाबाराच म्हणतात. म्हणाला, काका, थेंब पडतो तिथे गळती नसते. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे जातं. आधी इंजिन धुवा, कोरडं करा, मग सगळ्यात वरचा ओला डाग शोधा. नाहीतर असं करा, गाडी माझ्याकडे टाका. म्हटलं, गरज नाही. त्याने विचारलं, तेल कधी भरता? म्हटलं, कमी दिसलं की लगेच. टाकीची पातळी खाली जाऊ द्यायची नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. त्याने भुवया वर केल्या, पण तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली.

५ मार्च
इंजिन धुतलं. खाली पांढरा पुठ्ठा सरकवला. फाटकापासून घरापर्यंत चढ आहे, गाडी त्याच चढावर तोंड घराकडे करून उभी असते. सावली तिथेच बरी. तेल मोजायची पट्टी ओढून बघितली, तेल खुणेच्या खाली. अर्धा लिटर घातलं.

दूध उतू गेलं. एकट्या माणसाने एका वेळी एकच काम करावं.

७ मार्च
पुठ्ठ्यावर सहा डाग. पुस्तकात आहे, इंजिनावर पावडर मारा, ओल उठून दिसते. हिची टाल्कम पावडर घेतली, डबा संपला. गळती नीट दिसली नाही. फाटकापर्यंत हिचा वास सुटला होता. बराच वेळ बॉनेट उघडं ठेवलं. इंजिनाला हवा लागलेली चांगली.

८ मार्च, सकाळी ११
लेकीला फोन. ऑपरेशन चोवीसच्या आसपास, म्हणाली. कॅलेंडरवर लाल गोल केला. म्हटलं, आईला दे. म्हणाली, आई झोपलीये. मागून मशीनचा आवाज येत होता. लेकीला शिवणाचा नाद लागलेला दिसतो. चांगलं आहे.

खिडकीत हिची सुई राहिली आहे, कापडात टोचलेली. शेजारी दोऱ्याचं रीळ. मागच्या महिन्यात म्हणाली होती, अहो, एवढी सुई ओवून द्या, मला भोकच दिसत नाही. मी म्हणालो होतो, आलोच, एवढा नट लावून. नट जरा हट्टी निघाला.

१० मार्च
वरच्या झाकणाचं गॅस्केट बदललं. गळती बंद. काम फत्ते!

१० मार्च, संध्याकाळ
सात डाग. पट्टी बघितली, तेल कमी. पाऊण लिटर घातलं.

१३ मार्च
चोर सापडला. सुपरचार्जरकडे जाणारा हवेचा पाइप काढला तर आत तेलच तेल. म्हणजे सुपरचार्जरचं सील गेलं. उद्या उतरवतो.

१४ मार्च
उतरवला. बोल्ट चौदा, परत लावताना तेरा. टॉर्च दातात धरला होता, त्यामुळे हाक मारताना तो पडला. अगं, जरा टॉर्च धर, एवढंच म्हणालो. मग आठवलं.

एक मात्र आहे. हिने कधी आलेच म्हटलं नाही. पीठ लागलेले हात घेऊन, डोळा चोळत, तशीच यायची. आलोच म्हणायची सवय माझी.

नवं सील बसवलं. आता प्रश्न नाही.

१६ मार्च
नऊ डाग. तेल कमी, भरलं.

लेकीला फोन केला. घाईत होती. म्हणाली, बाबा, नंतर करते. मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं. बँकेत असावी.

संकल्प: दाढी रोज करायची. शर्टाचं बटण लावायचं.

१७ मार्च
शास्त्रशुद्ध मार्ग. तेलात घालायचा एक रंग मिळतो. तो घालून गाडी फिरवायची, मग जांभळा टॉर्च मारला की गळती हिरवी चमकते. अंधार हवा म्हणून गाडीवर जुनी चादर टाकली आणि आत शिरलो. सगळं इंजिनच हिरवं. वरचा डाग कुठला आणि खालचा कुठला, काही कळेना. एक्झॉस्टचा चटका बसला.

१८ मार्च, दुपारी
हात स्वच्छ झाले का बघायला घरात पडदे ओढून टॉर्च लावला. हात नव्हते झाले. शिवाय दिव्याची बटणं, चहाचा डबा, नळ. फोन तर नखशिखांत हिरवा. इतके फोन मी केलेले नाहीत.

मग टॉर्च सहज पलंगावर गेला. हिच्या उशीवर पाच बोटं, अख्खा पंजा. त्याच्याखाली आणखी एक. रात्री मी माझ्या बाजूलाच झोपतो. शेजाऱ्यांचं मांजर आलं असणार. अभ्रा धुवायला हवा.

१९ मार्च
अभ्रा धुतला नाही. साबण संपला आहे.

२० मार्च
लेकीने फोन उचलला नाही. चार वेळा. नोकरी करणारी मुलगी, तिला कुठला वेळ. चोवीसला भेट आहेच.

२२ मार्च
आज दहाबारा स्वतःहून आला. म्हणाला, काका, तीन आठवडे झाले, तुमच्या फाटकाखालून तेल माझ्या दुकानाकडे यायला लागलंय. गाडी बघितली, चढ बघितला, माझ्याकडे बघितलं. मग न विचारता गाडी ढकलत सपाट रस्त्यावर नेली, दहा मिनिटं थांबला, पट्टी ओढली. तेल खुणेच्या चार बोटं वर.

तो रस्त्यावर बसून हसला. डोळे पुसत म्हणाला, अहो काका, गाडीचं तोंड वर करून तेल बघता? तेल जातं मागे आणि पट्टी आहे पुढे. ती कमीच दाखवणार! तुम्ही ओतताय, इंजिन ओकतंय. ते हवेच्या पाइपातलं तेलही तेच. ही गळती नाही, हे उतू जाणं आहे.

मी चढाचा मुद्दा काढला. म्हणाला, बरोबर, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं आहे!

साडेतीन लिटर काढलं त्याने. जाताना म्हणाला, काकू कुठे दिसत नाहीत? म्हटलं, येतीलच.

२३ मार्च
चाळीस किलोमीटर फिरवून आणली. पुठ्ठा कोरा. पावडरचा नवा डबा आणला, तोच वास. पुढच्या सीटवर मऊ उशी ठेवली. दाढी केली. बटण राहिलं, सुईचं भोक फार बारीक करतात हल्ली. बटण खिशात घेतो.

२४ मार्च, सकाळी ६
निघालो. गाडीचा आवाज असा की रस्त्याने वळून बघावं.

२४ मार्च, संध्याकाळ
दार लेकीने उघडलं. म्हणाली, बाबा? तुम्ही? म्हटलं, चोवीस तारीख. ती दारातच उभी राहिली. आत मशीन थांबलं.

ही खिडकीपाशी बसली होती, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. पहिल्या फटक्यात ओवला.

ऑपरेशन सोळालाच झालं. टॅक्सीने. लेक म्हणाली, सांगणार होते हो बाबा, पण सांगितलं असतं तर तुम्ही गाडी घेऊन आला असता.

मी हिला म्हणालो, अगं, गळती नव्हतीच. मीच जास्त भरत होतो. ही माझ्याकडे बघत राहिली. इतकं नीट तिने मला बऱ्याच दिवसांत बघितलं नसेल, दिसतच नव्हतं ना. म्हणाली, अहो, किती वाळलात. आणि बटण कुठे गेलं? खिशातून काढून दिलं. अंगावरच लावून दिलं तिने. मी हललो नाही. पावडरचा डबा दिला. तिने झाकण उघडून वास घेतला आणि डबा मशीनच्या फळीवर ठेवला.

मी विचारलं, घरी कधी येतेस?

कापड सुईखाली सरकवत, वर न बघता म्हणाली, आलेच.

खाली येऊन गाडी रस्त्याच्या कडेला लावली. सपाटीवर. इंजिन चालूच ठेवलं, सीटवरची उशी सारखी केली. वरून मशीन ऐकू येत होतं. कान माझे अजून चांगले आहेत.

दोन तासांनी इंजिन बंद केलं. उतरलो, वाकून खाली बघितलं. एक थेंब नाही.