वेगळं ताट

मोरिवली, अंबरनाथ
रविवार, २८ मे २००६

प्रिय यशोधराताईस,
धाकट्या महेंद्रचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. भाऊजींची पाठ आता कशी आहे? इथे पाणी दिवसाआड येतंय, कंपनीतला ओव्हरटाइम बंद झालाय, पोरगी दहावीला गेली. तुझी भावजय रोज तुझी आठवण काढते.

आबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. तुझ्याकडेच निघालेत, एकटे. हे पत्र त्यांच्याच खिशातून येईल, म्हणून घाईत लिहितोय. फोन केला की तू "हो, बरंय" म्हणतेस आणि रिसीव्हर भाऊजींकडे देतेस. देणारच.

बुद्धपौर्णिमेला बदलापुरात तुझ्या घरी जे झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी मला ते माझ्या हातानं लिहू दे, कारण तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

आधी फोन मीच केला होता. ताई, मला शुगर निघालीय, आबांना कळता कामा नये, आई ह्यानंच गेली, ते हाय खातील. माझ्यापुरतं काहीतरी वेगळं कर आणि कुणाला बोलणार नाहीस अशी शपथ घे. तू घेतलीस. आणि किती निगुतीनं केलंस! नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, दुधीची भाजी, काकडी. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मला पंगतीच्या टोकाला बसवलंस.

पण आपल्या बहिणीच्या, मायाच्या नवऱ्याची नजर कुठली चुकते! मुकेश वाकून बघत म्हणाला, "क्या बात है महेंद्रभाऊ, तुमचं ताट एकदम स्पेशल? हिरो बनायचंय काय?" सगळे हसले. डॉक्टरनं हलकं खायला सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. घटकाभर चेष्टा झाली असती, दुसरं काय?

मी ताट ढकललं आणि मोठ्यानं म्हणालो, "आबा, बघा! आपल्याच घरात मला वेगळं वाढलंय!"

आबांसमोर हे बोलायचं नसतं, हे आपल्याला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. गावच्या पाटलाच्या लग्नात आपल्या आज्याला गोठ्यामागे बसवून पत्रावळीवर उरलंसुरलं वाढलं होतं, आणि लहानगे आबा शेजारी बसून ते जेवले होते. म्हणून तर आपल्याकडे पौर्णिमेला एकच पंगत आणि सगळ्यांना एकाच पातेल्यातलं, मग पाहुणा कुणीही असो.

"यशोधरे, हे शिकलीस तू?" एवढंच म्हणून आबा भरल्या ताटावरून उठले.

तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. तू खाली बसून सांडलेली मटकी गोळा करत राहिलीस.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की रागाच्या भरात बोलून गेलो. खोटं आहे, ताई. मला राग आलाच नव्हता. मुकेशच्या वाटीत खीर होती, जायफळाचा वास येत होता आणि माझ्यापुढे दुधी होता. त्या एका वाक्यात माझं दुखणंही झाकलं गेलं आणि खीरही मिळाली. आबा बाहेर ओट्यावर उपाशी बसले होते आणि मी आत वाटीवर वाटी खात होतो. वाढत तूच होतीस.

घरी आल्यापासून आबांना माझं कोण कौतुक! शेजारचे सदूकाका येवोत नाहीतर दूधवाला, "आमच्या महेंद्रानं मान राखला." तुझं नाव मात्र काढत नव्हते. काल दुपारी पुन्हा तेच सुरू झालं आणि मला ते ऐकवेना. सदूकाका गेल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. शुगर, फोन, शपथ, खीर.

मला वाटलं, शुगरचं ऐकून घाबरतील. ते हळू आवाजात म्हणाले, "आजाराला औषध हाय. पण माझ्या बापाचं ते पत्रावळीवरचं जेवण तू खिरीसाठी काढलंस, महेंद्रा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाले, "उद्या मी पोरीकडं जातो. तिला लिव्ह, त्या दिवशी तुला वाढलं व्हतं तेच मला वाढ म्हणावं. येगळं." मी म्हटलं, मीपण येतो. "तू नको."

तर ताई, आज त्यांना नाचणीची भाकरी कर. दात राहिले नाहीत, ताकात कुस्करून दे. ते माफी मागायला लागले तर मागू देऊ नकोस, ती माझ्या वाट्याची आहे. मी आत्ता मायाच्या घरी, कॅम्प दोनला चाललोय. ज्यांच्यासमोर तुला खाली पाहायला लावलं त्यांच्यासमोर सांगणार आहे, की वेगळं ताट मीच मागून घेतलं होतं. मुकेश हसला तर हसू दे.

मला इतक्यात बोलावू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू बोलावशील, आणि मी निर्लज्जासारखा धावत येईन.

आबा चपला घालतायत. थांबतो.

आबांनी सोबत न घेतलेला,
तुझा
महेंद्र