कालव्यापलीकडच्या बायका

प्रिय आईस, सायरागुलचा वाकून नमस्कार.

तू काळजी करतेस म्हणून आधीच सांगते, मी ठीक आहे आणि पोटातलं बाळही ठीक आहे. बिश्केकच्या या टोकाला सकाळी इतकं दाट धुकं असतं की डोंगर हवेत तरंगतात. अर्धवट झोपेत वाटतं, मी आपल्या कुरणावरच्या तंबूत आहे आणि तू बाहेर घोडीचं दूध काढते आहेस. बाबांचा गुडघा कसा आहे?

मध्यंतरी पायांना सूज होती, आता उतरली. दवाखान्याने मला परत पाठवलं होतं. "तुमची नोंद गावची, सरकारी विमा तिकडेच चालेल," म्हणाले. शेजारच्या बुर्माकान मावशींना हे कळलं मात्र, त्यांनी कालव्यापलीकडच्या वस्तीतल्या, गावाहून आलेल्या आम्हा सगळ्या बायकांना गोळा केलं आणि चहाची किटली घेऊन आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसलो.

मोठ्या डॉक्टरीणबाई वैतागल्या. "इथे काय लग्न आहे का?"

"बारसं आहे," मावशी म्हणाल्या. "पण आधी पोर सुखरूप जन्मू दे. शहराचे रस्ते झाडताना आमची नोंद कुणी विचारत नाही, बाई."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या खोलीचं दार उघडलं. मग म्हणाल्या, "एकेक करून आत या."

आता आम्हाला तिथे तपासतात. विम्यासाठी पालिकेशी भांडण अजून चालूच आहे.

त्या दिवशी मावशींना सोबत घेऊन पहिली मी आत गेले. यंत्रातून बाळाचे ठोके घुमू लागले आणि मावशींनी उठून दार सताड उघडलं, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

तुझीच,
सायरागुल