मांडीवर मामा नव्हता

१२ जाने. ७५
कळंबला यमुनाबाईंकडे बारसं. त्यांची थोरली हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीये, तिच्या मुलाचे कान टोचले. मांडीवर घ्यायला सख्खा मामा नाही, शेजारचा बसवला. पोर रडायच्या आत काम फत्ते. आपला हात म्हणजे हात!

१४ जाने.
ऐन संक्रांतीला कळंबहून निरोप, रक्त थांबत नाही. ‘आणखी हळद दाबा’ म्हणून सांगितलं. शहाणाच मी.

१५ जाने.
पोर पांढरंफटक. टेंपोत घालून कर्जतला डॉ.कडे नेलं. त्यांनी विचारलं, माहेरी कोणी असं गेलंय? यमुनाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या. मग एकदम, "माजा पोरगा. दात पडला नि रगत थांबलंच नाय. सात वर्साचा व्हता." हौसाच्या सासरी पत्ता नाही. धाकटी वनिता लग्नाची, म्हणून तोंड शिवलेलं.
मी तरी कुठे विचारलं, मामा का नाही म्हणून? गावभर कान टोचत फिरतो, माझेच बंद.

२ फेब्रु.
जगलं पोर! मुंबईच्या इस्पितळात रक्त चढवलं. हिमोफिलिया. रक्त गोठत नाही, आईकडून येतो, होतो बहुतेक मुलग्यांनाच. करणी नाही, कोप नाही. डॉ.नी लिहून दिलंय, पाठ केलं.
म्हणाले, "माझं कोण ऐकतं? कान सोनारानेच टोचावेत." लागलं. बरं झालं लागलं.

५ फेब्रु.
दुकानात पाटी लावली. ‘मामा लहानपणी रक्त जाऊन गेला असेल तर आधी सांगा. मग टोचू.’
सौ. म्हणते, गिऱ्हाईक पळेल.

१९ फेब्रु.
पळालं. दोन घरं दहिवलीच्या सोनाराकडे गेली. जाऊन भांडलो त्याच्याशी. तो म्हणे, बारशाला मयताच्या गोष्टी? म्हटलं, हो. बारशालाच.

३० मार्च
दहिवलीकराच्या दुकानात पाटी! अक्षर माझ्याहून चांगलं. जळलो थोडा. सौ.ला दोनदा सांगितलं.

८ नोव्हें. ७६
वनिता बाळंत. मुलगा. सासर साजगावचं, तिकडे कोणी काही बोललेलं नाही. बारशाला मला बोलावणं. यमुनाबाई गप्प राहिल्या तर मी बोलणार. बोललो तर पोरीचा संसार...

१९ नोव्हें.

सगळी जमली, साजगावचीही. डबी उघडली, तोंड उघडणार तोच यमुनाबाई उभ्या राहिल्या. "सोनारदादा, तार ठेवा खिशात. माजा पोरगा रगत जाऊन गेला. आमी लपवलं, हौसाचं पोर मरता मरता वाचलं. आता नाय लपवायची. आदी तपासा."
वनिता भिंतीला टेकून. तिची सासू म्हणाली, "आदी सांगायचं नाय गं, विहीणबाई?" आणि रडली. मग माझ्या डबीतली बाळी घेतली, सुईदोरा मागितला नि टोपड्यालाच शिवून टाकली. "कान काय पळून जातो व्हय रं?" नातवाला म्हणाली.
जिंकलो! परत येताना एस.टी.त एकटाच हसत होतो. कंडक्टर बघत होता.

२७ नोव्हें.
वनिताच्या मुलाचं रक्त मुंबईला गेलंय. रिपोर्ट नाही अजून.
दुकानात एक अनोळखी बाई, कडेवर तान्हं. "मामा कसा गेला ते इचारनारे सोनार तुमीच ना?" हो म्हटलं. "कुनी इचारलंच नाय आजवर," म्हणाली. बाकडं पुढे सरकवलं.